काठावरून गरी: रत्नागिरीतल्या नोंदी, ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४

काम असे ठरवले: होडी न घेता, काठावर उभे राहून गरवणाऱ्या (गळाने मासे धरणाऱ्या) नवख्या माणसाला पहिल्याच हंगामात खाण्याजोगा मासा मिळावा, यासाठी जागा, आमिष आणि सामान तपासून घ्यायचे. जागा चार. भाट्याची पुळण (वाळूचा किनारा), तिच्या उत्तर टोकाला काजळीच्या खाडीचे मुख, मांडवीची जेट्टी आणि मिऱ्याच्या बंधाऱ्याचे दगड. फसले ते सविस्तर लिहिले आहे, कारण पैसे आणि वेळ तिथेच जातात.

रविवार, १३ ऑक्टोबर. सामान

दोन संच जुळवले. पहिला हाताची गरी: ०.६० मिमी जाडीचा तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) ५० मीटर, तो गुंडाळायला एक लिटरची जाड रिकामी बाटली, ५० ग्रॅमचे शिसे, एक फिरकी (तंगूसाला पीळ पडू न देणारी कडी), दोन गळ. खर्च १४० रुपये. दुसरा संच काठीचा: दोन तुकड्यांची १० फुटी काठी, जिच्यावर ५० ते १०० ग्रॅम वजन फेकण्याची मर्यादा छापलेली आहे, ५००० मापाचे रीळ आणि ०.३५ मिमी तंगूस ३०० मीटर. खर्च ३,४५० रुपये.

दुकानात पहिली काठी म्हणून सहा-सात फुटी काठी पुढे करतात. जेट्टीवर आणि खाडीत ती चालते, पुळणीवर अपुरी पडते. तिथे तंगूस फुटणाऱ्या लाटेच्या वर धरावा लागतो. काठी आखूड असली की प्रत्येक लाट तंगूस ओढत नेते आणि शिसे जागेवर राहत नाही.

गळाच्या मापात फसगत होते. साध्या आकड्यांत आकडा वाढला की गळ लहान होतो (८ नंबर हा २ नंबरपेक्षा बारीक), आणि १/०, २/० या पद्धतीत आकडा वाढला की गळ मोठा. घेतले ते ८ नंबर लांब दांडीचे, २ नंबर आणि २/०. सगळ्यांचे उलटे काटे पकडीने दाबून टाकले. मासा सुटण्याचे प्रमाण थोडे वाढते, पण लहान मासा जिवंत सोडता येतो आणि गळ बोटात गेलाच तर दवाखाना टळतो.

सर्वांत महत्त्वाचे: ०.३५ च्या तंगूसाला थेट ८० ग्रॅमचे शिसे बांधून जोरात फेकू नये. तो फेकतानाच तुटतो, आणि सुटलेले शिसे किनाऱ्यावरच्या माणसाच्या डोक्याला लागले तर जीव जाईल. हिशेब सोपा आहे. दर २८ ग्रॅम शिशामागे साडेचार किलोची ताकद. ८५ ग्रॅमला साडेतेरा किलो, म्हणजे शिशाकडचा पुढचा तुकडा, मुख्य तंगूसाला जोडलेला, ०.६० चा हवा. त्याची लांबी काठीच्या दुप्पट, शिवाय रिळावर चार-पाच वेढे बसतील इतकी जास्त. हातगरीचा तंगूस याच कामाला येतो, वेगळा घ्यावा लागत नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर, वद्य द्वितीया. नुसती पाहणी

आज गळ पाण्यात टाकला नाही. पौर्णिमा गुरुवारी झाली, त्यामुळे अजून उधाणाचेच पाणी आहे आणि सकाळी आठच्या सुमारास ओहोटी खोलवर उतरते. जागा वाचायची असेल तर हीच वेळ. भरतीला आलेला नवखा माणूस सपाट पाणी बघतो आणि जिथे उभे राहायला बरे वाटते तिथून गळ फेकतो.

भाट्याला झरी विनायकाच्या देवळाच्या टोकापासून खाडीच्या मुखापर्यंत ओल्या वाळूतून चालत गेलो. ओहोटीच्या रेषेजवळ किनाऱ्याला समांतर एक लांब खळगा आहे, गुडघा ते कंबरभर पाण्याचा. त्याच्या पलीकडे वाळूचा दांडा, जवळजवळ उघडा पडलेला. दांडा दोन ठिकाणी तुटलेला आहे आणि खळग्यातले पाणी तिथूनच बाहेर धावते. भरतीला मासा याच तोंडांतून आत शिरतो आणि खळग्यात चरतो. दोन्ही तोंडांच्या सरळ रेषेत मागच्या सुरूबनातल्या खुणा ठरवल्या आणि फोटो काढून ठेवले. भरतीत ओळखायची खूण अशी: दांड्यावर लाट फुटून पांढरा फेस येतो, तोंडावर फेस तुटतो आणि पाणी गडद दिसते.

ही रचना कायमची नसते. पावसाळ्यात वाळू पूर्ण हलते, आणि एखाद्या मोठ्या उधाणातही तोंड सरकते. दर पंधरवड्याला पुन्हा चालून बघायचे.

खाडीच्या मुखाशी धार किनाऱ्याच्या अगदी जवळून जाते. तिथली वाळू खालून पोखरलेली असते. कडेपासून निदान दोन मीटर मागे उभे राहावे आणि पाण्यात उतरू नये. राजिवड्याच्या मच्छीमारांच्या होड्या याच वाटेने ये-जा करतात, त्यामुळे मध्य धारेत शिसे टाकायचे नाही. जाळे लावलेले दिसले तर जागा सोडायची. त्यांचे ते पोट आहे.

मांडवीला जेट्टीच्या कडेला कुठे दगड आणि कुठे वाळू हे वरून पाहून घेतले. मिऱ्याला दगडांवर ओले शेवाळ, भरती आत आली की परतीची वाट बंद. तिथे एकट्याने जाऊ नये.

वेळेचा हिशेब: तिथीला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आधी. दिवसाला दोन भरत्या, मध्ये बारा तासांच्या वर थोडे. रत्नागिरीला पाणी मुंबईच्या आधी चढते, म्हणून फोनमधले मुंबईचे कोष्टक इथे वापरू नये, रत्नागिरीचे घ्यावे. शिवाय दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, तेही कोष्टकातच कळते.

यातून कामाची एक गोष्ट निघते. मासा चरतो तो पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त, आणि पाणी हलते असताना जास्त. पौर्णिमा-अमावास्येला पाणी जोरात हलते, पण पहाट आणि संध्याकाळ दोन्ही वेळा ओहोटी. अष्टमीला पहाटे भरती, पण पाणी भांगाचे (भरती-ओहोटीतला फरक कमी), सुस्त. दोन्ही जुळतात ते दशमी ते द्वादशीला. उजाडताना पाणी चढते असते, त्याला जोरही आलेला असतो, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. पुळणीसाठी दोन्ही पक्षांतले हे तीन दिवस आधी राखून ठेवावेत.

रविवार, २७ ऑक्टोबर, वद्य एकादशी. भाट्ये पुळण

उजाडण्याआधी सुरुवात. आमिष ताजी कोळंबी, पाव किलो ८० रुपये. बांधणी अशी: ७० सेंमीच्या तुकड्याला खाली शिसे, त्याच्या वर २० आणि ४५ सेंमीवर दोन फांद्या, प्रत्येक फांदीला एक गळ.

पहिले दोन तास पूर्ण वाया गेले. कारणे एकेक करून सापडली.

फेक फार लांब जात होती. साठ-सत्तर मीटरवर, म्हणजे दांड्याच्या पलीकडे. मिळाले काय, तर केंड (फुगणारा मासा) आणि कुर्ल्यांनी खाऊन टाकलेले आमिष. लांब फेकणे हेच कौशल्य असे नवख्याला वाटते, पण मुडदुशी (मुंबईकडे रेणवी) लाटेच्या अगदी पायाशी, ढवळलेल्या वाळूतून किडे आणि बारीक कोळंबी वेचत फिरते. फेक वीस-पंचवीस मीटरवर आणून खळग्यात टाकल्यावर दहा मिनिटांत पहिली टोच आली.

टोच येऊनही मासा लागत नव्हता. गळ २ नंबरचे होते. मुडदुशीचे तोंड लहान आणि पुढे निमुळते, ती आमिषाचे टोक ओढून निघून जाते. ८ नंबरचा लांब दांडीचा गळ लावला, आमिषाचा तुकडा नखाएवढा केला, आणि ती लागू लागली. झटका मारायची गरज नाही. तंगूस ताणलेला ठेवला की ती स्वतःच अडकते.

फांद्या ३० सेंमीच्या होत्या. प्रत्येक फेकीत त्या मुख्य तंगूसाभोवती पिळल्या. फांदी १२ ते १५ सेंमीची आणि मुख्य तंगूसापेक्षा कडक, ०.४० ची केल्यावर गुंता थांबला.

कच्ची कोळंबी फेकतानाच गळावरून उडत होती. हे दिसत नाही, म्हणून माणूस रिकाम्या गळावर तासभर बसतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी ओढून पाहायचे. आमिष टिकवण्याचे बुधवारच्या, ६ नोव्हेंबरच्या नोंदीत.

काठी वाळूवर आडवी ठेवली तेव्हा रिळात वाळू गेली. दाते करकरू लागले, घरी उघडून धुवावे लागले. उपाय: ४० मिमी व्यासाची पीव्हीसी नळी ९० सेंमी लांब, एक टोक तिरपे कापलेले, ३५ सेंमी वाळूत रोवायची आणि काठी तिच्यात उभी करायची. खर्च ९० रुपये. पहिल्या दिवसापासून सोबत हवी.

केंडाबद्दल: तो गळावर येतोच, आणि त्याच्या दातांनी बारीक तंगूस कातरला जातो. त्याचे विष शिजवून जात नाही. ओळख पटली नाही असा कोणताही फुगणारा मासा घरी नेऊ नये, कुत्र्या-मांजरांपुढेही टाकू नये. फडक्यात धरून गळ काढायचा आणि पाण्यात सोडायचा.

रविवार, ३ नोव्हेंबर, भाऊबीज. खाडीचे मुख

शुद्ध द्वितीया, भरती दुपारी दीडच्या सुमारास. संध्याकाळी ओहोटीच्या धारेबरोबर खाडीतून बाहेर येणारा मासा तोंडावर अडवायचा असा बेत होता. बेत बरोबर, दिवस चुकीचा. अमावास्येनंतरच्या उधाणाची ओढ इतकी होती की ९० ग्रॅमचे गोल शिसे धारेत गोटीसारखे गडगडत किनाऱ्याला येऊन लागत होते. वाहून आलेली पाने आणि प्लास्टिक तंगूसावर गोळा झाले, त्याचा भार वेगळा. दोन जोड तुटले. मासा एकही नाही.

दुरुस्ती दोन प्रकारची. एक, शिशाला तारेचे चार पाय असलेला प्रकार वापरणे. ते वाळूत रुततात आणि ओढले की मोकळे होतात. दोन, धारेच्या मध्यात न टाकता धार आणि शांत पाणी जिथे मिळते त्या रेषेच्या आतल्या बाजूला टाकणे. ही रेषा फेसाच्या लांब पट्टीने दिसते. मासाही धारेत भांडत बसत नाही, तो याच कडेला थांबतो आणि वाहून येणारे खातो. ओहोटीचा पहिला दीड तास आणि शेवटचा तास इथे बरा, मधला काळ सोडून द्यावा. उधाणापेक्षा चतुर्थी-पंचमीची संध्याकाळ या जागेला सोयीची. भरती तीन ते पावणेचारला संपते, आणि अंधार पडेपर्यंत ओहोटीचा उपयोगी भाग हाताशी असतो.

बुधवार, ६ नोव्हेंबर. आमिषाचे काम, घरी

कोळंबी: सोलून, पाव किलोला चार मोठे चमचे जाडे मीठ चोळून चाळणीत ठेवली, खाली पातेले. रात्रभरात पाणी सुटले. सकाळी कागदावर कोरडी करून पुन्हा थोडे मीठ लावून डब्यात, फ्रीजमध्ये. ती चिवट होते, फेकीत उडत नाही आणि आठवडाभर टिकते. बारीक मीठ वापरलेल्या घाण्यात ती वरून कडक आणि आतून मऊ राहिली. बर्फात गोठवून मग काढलेली कोळंबी मिठाशिवाय निरुपयोगी आहे, गळावर पिठासारखी होते.

तिसऱ्या: पुळणीवर आणि खाडीत दोन्हीकडे चालतात, वास चांगला पसरतो, पण मांस फार लिबलिबीत. शिंपला उघडून काढलेले मांस गळावर दोनदा टोचून शिवणाच्या बारीक इलॅस्टिक दोऱ्याने सात-आठ वेढे दिले. गाठ लागत नाही, दोरा ताणून तोडला की स्वतःच बसतो. हा दोरा २० रुपयांना मिळाला आणि सबंध हंगामात सर्वांत उपयोगी पडलेली वस्तू हीच.

तारली किंवा पेडवे: तुकडे आडवे न कापता तिरपे, लांबट पट्ट्या. गळ पट्टीच्या शेपटीकडच्या टोकातून, कातडीच्या बाजूने घालायचा. मांसाच्या बाजूने घातला तर फाटतो. गळाचे टोक बाहेर दिसले पाहिजे. शिंगाळा या माशाला हे आमिष कोळंबीपेक्षा आवडते. मुडदुशी त्याकडे पाहत नाही.

बाजारात मागताना खाण्याची मोठी कोळंबी घेऊ नये. बारीक, स्वस्तातली, पण त्याच सकाळची. डोके काळे पडलेली घेतली की पैसे गेले.

शनिवार, ९ नोव्हेंबर, शुद्ध अष्टमी. मांडवी जेट्टी, हाताची गरी

भांगाचे पाणी, संध्याकाळी सहाला भरती. पुळणीला असा दिवस फुकट जातो, जेट्टीला मात्र चालतो, कारण इथे गळ सरळ खाली सोडायचा असतो आणि ओढ कमी असली की शिसे जागेवर राहते.

शिसे तळाला टेकले की वीतभर वर उचलायचे, तंगूस तर्जनीवर धरायचा. बारीक टकटक म्हणजे लहान मासे आमिष चाचपत आहेत. एक सलग ओढ म्हणजे मोठा. काठीपेक्षा बोटाला हा फरक लवकर कळतो, म्हणून नवख्याने सुरुवात १४० रुपयांच्या हातगरीनेच करावी असे स्पष्ट मत आहे. तर्जनीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, ओला तंगूस कापतो.

तारलीच्या पट्टीवर शिंगाळे आले, २ नंबरच्या गळावर एक करकरा मासाही. दगडांजवळ सोडलेल्या गळाला हेकरू मासा लागला आणि सरळ बिळात शिरला. तंगूस तुटला. हेकरू लागल्यावर पहिल्या दोन सेकंदांत दोन हात तंगूस वर घ्यावाच लागतो.

शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंच्या परांना. ते विषारी असून दातेरी आहेत. एका शिकणाऱ्याला हाताच्या तळव्याला लागला. कळ फार तीव्र असते. उपाय: जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणे. पाणी दुसऱ्या हाताने तपासावे, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला किंवा सूज वाढली तर डॉक्टर. थर्मासमध्ये गरम पाणी आता प्रत्येक खेपेला सोबत असते. मासा हाताने धरायचाच नाही, लांब पकडीने गळ फिरवून काढायचा.

रविवार, १७ नोव्हेंबर, वद्य द्वितीया. मिऱ्याचे दगड

खर्चाच्या दृष्टीने सर्वांत वाईट दिवस. साध्या बांधणीने टाकलेले जवळजवळ प्रत्येक शिसे दगडांत अडकले. शिसे, फिरकी, गळ, पुढचा तुकडा असे सगळे मिळून एका तुटीला ४५ ते ५० रुपये. दुपारपर्यंत ४०० रुपयांच्या वर समुद्रात, आणि तंगूसाचे तुकडे दगडांत राहिले ते वेगळे. ते खेकड्यांना आणि पक्ष्यांना अडकतात. ओहोटीला उतरून हाताला लागले तेवढे काढले.

उपाय दुपारनंतर लागू पडला. शिसे मुख्य तंगूसाला थेट न बांधता ०.२५ मिमीच्या १५ सेंमी तुकड्याने बांधायचे. अडकले की तेवढेच तुटते, गळ आणि मासा परत येतो. शिशाऐवजी गॅरेजमधून जुने स्पार्क प्लग आणले, फुकट मिळतात, वजन ५० ग्रॅमच्या आसपास, आणि पाण्यात शिसे टाकले जात नाही. सावधगिरी एकच: या कमजोर दुव्याने जोरात फेक करायची नाही, प्लग सुटून कुठेही जाईल. काठी खालून हलकेच झुलवून दहा-पंधरा मीटरवर सोडायचे. दगडांच्या जागेला तेवढे पुरते, मासा दगडांच्या पायथ्यालाच असतो.

या जागेवर नवख्याला नेऊ नये असा निर्णय झाला. मासा आहे, पण घसरडे दगड आणि अचानक चढणारी लाट यांचा अंदाज यायला काही हंगाम जावे लागतात.

रविवार, २४ नोव्हेंबर, वद्य नवमी. खाडीच्या आत, तरंगीवर बोय मासा

भाट्याच्या पुलावरून गळ सोडताना लोक दिसतात. वाहनांमुळे ते धोक्याचे आहे. खाडीच्या काठावरची शांत जागा निवडली. सात फुटी काठी, ०.२२ तंगूस, १२ नंबरचा गळ, मोरपिसाच्या दांड्याची तरंगी (पाण्यावर तरंगून टोच दाखवणारी काडी). बारीक छर्रे दाबत दाबत तरंगीचे टोक पाण्याबाहेर एक सेंमी राहील इतके वजन केले. त्याहून जास्त टोक वर राहिले तर बोयीची ओढ दिसतच नाही.

आमिष कणकेचे: दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी मैदा, घट्ट मळून त्यात पिंजलेल्या कापसाचे तंतू मिसळले. कापूस नसलेला गोळा पाण्यात तीन-चार मिनिटांत विरघळला, कापसाचा दहाच्या वर टिकला. गोळी मिरीएवढी. आधी ब्रेडचा चुरा आणि ओली वाळू यांचे लिंबाएवढे गोळे दर पाच मिनिटांनी एक, त्याच जागी टाकत राहिलो. बोयी जमायला तासभर लागला. पहिल्या सत्रात गोळे एकदम चार-पाच टाकले होते, तेव्हा त्या पोट भरून निघून गेल्या.

बोय आमिष ओढत नाही, चोखते. तरंगी बुडायची वाट पाहिली तर ती लागत नाही. तरंगी आडवी सरकली की मनगटाने हलका उचल. तोंड मऊ असते, जोर केला की फाटते. काठावरच्या दगडांपाशी काळुंदर मासाही आहे. त्याला गळावर गुंडाळलेले हिरवे शेवाळ कणकेपेक्षा बरे.

बुधवार, २७ नोव्हेंबर, वद्य द्वादशी. पुन्हा भाट्ये

२७ ऑक्टोबरच्या सगळ्या दुरुस्त्या एकत्र: मिठातली कोळंबी, ८ नंबरचे गळ, १२ सेंमी फांद्या, ५० ग्रॅम शिसे, खळग्यात वीस मीटरवर फेक. दक्षिणेकडचे तोंड महिन्यात सरकले होते, आदल्या दुपारच्या ओहोटीला बघून ठेवले. पाणी आता नितळ आहे, पावसाळ्याचा गढूळपणा गेला. उजाडल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत मुडदुश्या सलग लागत राहिल्या, पुष्कळदा दोन्ही गळांना. भरती थांबल्याबरोबर टोचही थांबली. बोटभर लांबीच्या सगळ्या सोडून दिल्या.

साडेदहानंतर वारा समुद्राकडून फिरला. मग तंगूसाला पोट येते आणि टोच काठीपर्यंत पोचत नाही. इथे सकाळचा वारा जमिनीवरून येतो, तोवरच काम उरकावे.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नये, वाळूवर घासत न्यावा. पाकट वाळूत गाडून बसलेले असते आणि धक्का लागला की निघून जाते, वर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते.

रविवार, ८ डिसेंबर. देखभाल

रिळाची तार ज्या लहान चाकावरून तंगूस घेते ते अडकले. आत मिठाची खपली. तंगूस त्यावर घासून ठिकठिकाणी खरखरीत झाला, शेवटचे २० मीटर कापून टाकले. धुण्याची पद्धत बदलली: ब्रेकची (तंगूस किती ताणाला सुटेल ते ठरवणारी) चकती आधी घट्ट करायची, मगाने गोडे पाणी हळू ओतायचे (नळाच्या जोराने मीठ आत जाते), सावलीत वाळवायचे, मग ब्रेक सैल करून ठेवायचा. त्या चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. वापरलेले गळ नव्या गळांच्या डब्यात टाकायचे नाहीत, एका रात्रीत सगळ्यांना गंज चढतो.

गरवताना ब्रेक तंगूसाच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर. आठ किलोच्या तंगूसाला दोन किलो, ताणकाट्याने एकदा मोजून बघावे. अंदाजाने लावलेला ब्रेक बहुतेकांचा फार घट्ट निघाला.

बुधवार, ११ डिसेंबर, शुद्ध एकादशी. खाडीचे मुख, जिवंत कोळंबी

भरती रात्री आठच्या सुमारास, साडेपाचपासून बसलो. पाणी चढते होते, ओढ बेताची. हवा होता तांबोशी मासा, त्यासाठी जिवंत कोळंबी. पहिल्या बादलीतली तासाभरात मेली: दाटी आणि तापलेले पाणी. दुसरी बादली दहा लिटरची, त्यात बाराच कोळंब्या, बॅटरीचा हवा देणारा पंप (३५० रुपये), आणि पाण्यात तरंगती गोठवलेली बंद बाटली. सुटा बर्फ टाकू नये, गोड्या पाण्याने त्या मरतात. ही बादली अडीच तास टिकली.

गळ २/०, शेपटीकडून दुसऱ्या पेरातून आडवा. डोक्यात टोचायचा असेल तर शिंगाखाली, काळा ठिपका चुकवून. शिसे सरकते, ३० ग्रॅम, फिरकीच्या वर, पुढे ५० सेंमीचा ०.५० तुकडा. अंधार पडल्यावर धारेच्या कडेला सहाशे ग्रॅमची तांबोशी लागली. त्याआधीच्या दोन वीतभरसुद्धा नव्हत्या, त्या सोडल्या. तांबोशीची पिले खाडीतच वाढतात, तीच उचलली तर पुढे काठावर काही येणार नाही. गळावर एक समुद्रसापही आला. त्याला हात न लावता तंगूस दूरवरून कापला.

सामानाचा एकूण खर्च: हातगरी १४०, काठी-रीळ-तंगूस ३,४५०, गळ, शिसे, फिरक्या, पकड आणि डबा ६२०, नळी ९०, पंप ३५०. एकूण ४,६५० रुपये. आमिष दर खेपेला ५० ते १०० वेगळे. जानेवारीत घ्यायचे: डोक्यावर लावायची लाल उजेडाची बॅटरी, ८ नंबरचे आणखी गळ, आणि तारेच्या पायांची ६० ग्रॅमची शिशे. ९० ची दशमी-एकादशीच्या पाण्याला लागत नाहीत.